तक्रार: काही नाही

२५ नोव्हेंबर, सोमवार

लॅबच्या वहीत 'मला वाटतं' असं लिहायची सोय नाही. तिथं तापमान, वेळ, डबीचा क्रमांक आणि सही. बारा वर्षं असं लिहून लिहून मला काय वाटतं ते ठेवायला जागाच उरली नाही, म्हणून ही डायरी. एका खताच्या कंपनीनं वाटलेली आहे, दर पानाखाली शेणखताचे फायदे छापलेत. माझ्या विषयाला फार सोडून नाही.

मी डॉ. मिनल भोयर, वय एक्केचाळीस. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंतूंचा अभ्यास करते, म्हणजे लोकांची शी गोळा करून तिच्यातले जंतू ओळखते. हे वाक्य मी बघायला आलेल्या तीन स्थळांपुढं म्हटलं आणि तिन्ही वेळा समोरच्यांनी चिवड्याची बशी खाली ठेवली.

उद्यापासून नमुने गोळा करायचे. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागं विणकरांची जुनी वस्ती आहे, तिथली बारा घरं, शेहेचाळीस माणसं. दोन-तीन घरांत अजून हातमाग चालतो, बाकीचे कोणी गांधीबागेत कापडाच्या दुकानात, कोणी बँकेत. सगळी सावजी तिखटावर वाढलेली. इतकं तिखट खाऊन ह्यांची पोटं शाबूत कशी, आणि त्यात कोणत्या जंतूंचा हात आहे, हा माझा प्रश्न. उत्तर बावीस जानेवारीला समितीपुढं मांडायचं. समितीला पटलं तर प्रकल्प दोन वर्षं पुढं चालेल. नाही पटलं तर एकतीस मार्चला बंद, आणि माझी जागा प्रकल्पाचीच असल्यामुळं त्याच दिवशी मीही बंद. ह्या वयात दुसऱ्याच्या लॅबमध्ये जाऊन काचेच्या बशा धुणार नाही, एवढं नक्की.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

व्यवस्था मी चोख लावली होती. वस्तीतल्या ईश्वरदासजींच्या ओट्यावर टेबल, टेबलावर बर्फाचा डबा. प्रत्येकानं सकाळी सात ते नऊमध्ये आपलं नाव-वय लिहिलेली डबी आणून स्वतः माझ्या हाती द्यायची आणि पत्रक भरायचं. पुरुष आले. हसत, एकमेकांना कोपर मारत, पण आले. बाई एकही नाही. नऊ वाजेपर्यंत मी बर्फ राखत बसले.

ईश्वरदासजी चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ, पांढरा सदरा. माझा चेहरा बघून म्हणाले, "मॅडम, तुमी काही टेन्शन घेऊ नका. बायकाइचं काम माह्याकडं द्या. तीन दिवस मले द्या, सगळ्या डब्या भरून रेडी राहतीन."

अशी माणसं भेटली की माझा देशावरचा विश्वास परत येतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

शब्दाचा पक्का माणूस. काल सहा डब्या, आज सहा, उद्या पाच येतील. मी दहाला पोचले तर डब्या बर्फात रांगेनं लावलेल्या आणि पत्रकं सुवाच्य अक्षरात भरलेली. बायकांना विचारून त्यांनीच लिहिली म्हणे. 'पोटाची काही तक्रार?' ह्या रकान्यात सगळ्यांचं एकच उत्तर: काही नाही. सावजी खाऊन काही नाही. मला तर हेवाच वाटला.

बाकीच्या पाच जणी नोकरीवाल्या आहेत. त्या आपापली डबी पर्समध्ये घालून ऑफिसला जाता जाता थेट लॅबमध्ये देऊन गेल्या.

ईश्वरदासजींची सून पुष्पलता मागावर बसली होती. जांभळ्या काठाचं लुगडं होतं, सुंदर. काठाला टाचलेल्या चिठ्ठीवर नाव मात्र ईश्वरदासजींचं. मी विचारलं, विणलं कोणी? म्हातारबुवा म्हणाले, "अर्धं म्या, अर्धं हिनं. मधात माहा हात आखडला त शेजारचा येऊन बसला दोन दिवस. मागावर कोणी बी बसो मॅडम, माल घराच्या नावानं जाते. टाइमावर पुरा झाला पायजे, बस."

किती छान. भाषणात कुठं तरी वापरता येईल म्हणून लिहून ठेवलं.

१ डिसेंबर, रविवार

आई दिवाळीनंतर खापरखेड्याहून माझ्याकडं आली आहे, गुडघ्यांसाठी. बाबा तिकडेच राहिले. पॉवर स्टेशनातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सकाळच्या भोंग्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. इथल्या डॉक्टरांनी आईला गोळ्या दिल्यात आणि गुडघे बरे आहेत म्हणते.

परवा गंमत म्हणून तिला एक डबी दिली होती, सावजी न खाणाऱ्या घरचा नमुना म्हणून. आज फोडणीच्या वेळी बघते तर तिच्यात जिरे. डबीला झाकणालाच चमचा असतो, तो तिला फार सोयीचा वाटला.

"आई, ही निर्जंतुक डबी आहे."

"म्हणूनच त जिरं ठिवलं."

"मी नमुन्याला दिली होती."

"मले नाई जमत वं असं. वरतून माहं नाव लिहून राहिली, वय लिहून राहिली. आधार कार्ड हाये का ते?"

आणि बाजाराची यादी माझ्या हाती देऊन विषय संपवला. यादीच्या माथ्यावर नेहमीप्रमाणं 'श्री'. मिरची-कोथिंबिरीच्या कागदावरही श्री लिहिल्याशिवाय ह्या बाईचा पेन चालत नाही.

एका आंतरराष्ट्रीय विषयातल्या शास्त्रज्ञाच्या घरात ही परिस्थिती.

९ डिसेंबर

नमुने वाचायला पाठवले. म्हणजे डबीतल्या सगळ्या जंतूंचा डीएनए यंत्र वाचतं आणि कोण कोण किती आहे ते कळतं. आता वाट बघणं.

थंडी मस्त पडली आहे. मी दोन-दोन भाकरी हाणते. आईची मात्र भूक गेली आहे, अर्धी भाकर, तीही वरणात बुडवून. सकाळी बाथरूममध्ये अर्धा-अर्धा तास असते. गीझरची नवलाई असावी.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आज जे बघितलं ते लगेच लिहून ठेवते.

आकडेमोड अश्विन करतो. लकडगंजचा, निम्मं हिंदी बोलतो, कॉम्प्युटरसमोर बसला की जेवण विसरतो. त्यानं पडद्यावर चित्र काढलं. एक ठिपका म्हणजे एक माणूस. दोघांच्या पोटातले जंतू सारखे तर ठिपके जवळ, वेगळे तर लांब. पुरुषांचे ठिपके पडदाभर सांडलेले, जसे असायला हवेत. आणि बायका? सतरा ठिपके एकावर एक. अश्विनला वाटलं चित्रच बिघडलं. मोठं करून बघितलं तेव्हा सुटे दिसले.

वेगवेगळ्या नऊ घरांतल्या सतरा बायका, वीस ते सत्तर वयाच्या, आणि त्यांच्या आतड्यात जवळजवळ एकच जंतुसमाज. असं कुणी कुठं पाहिलेलं माझ्या माहितीत नाही.

३० डिसेंबर, सोमवार

उलगडा झाला. दोन दिवस विचार करत होते. ह्या बायका शेवटी जेवतात, एकत्र जेवतात, एकमेकींच्या घरची भाजी-आंबील वाटून खातात, त्याच मागावर बसतात, तेच सूत हाताळतात. पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून जंतूही वाटले गेले. नोकरीवाल्या पाच जणी डबा घेऊन बाहेर जेवतात, आणि बघा, त्यांचे ठिपके वेगळे पडलेत. सिद्धान्त चपखल बसला. ह्याला मी 'मागाचा सहवास' असं नाव देणार आहे.

फक्त एक पुरुष त्या घोळक्यात बरोबर मधोमध आहे, ईश्वरदासजी. त्यांच्या पत्नी गेल्यापासून ते स्वयंपाकघरात सुनेजवळच बसून जेवतात, त्यामुळं असेल. अपवादसुद्धा नियमाला धरून आहे.

अश्विन म्हणाला, "मॅडम, इतना अच्छा डेटा देखके डर लगता है." मी म्हटलं, तुला चांगल्याची सवय नाही.

१ जानेवारी

नवीन वर्ष. समितीसाठी भाषण लिहिलं. तीनदा वाचलं, तिन्ही वेळा आवडलं. आईला वाचून दाखवलं. सतरा बायकांचं ऐकून तिनं भुवया वर केल्या.

"सतरा जणींनी देल्ल्या डब्या? नाव लिहून?"

"दिल्या ना. सगळ्यांना तुझ्यासारखं वाटत नाही."

"कमाल हाये," म्हणाली आणि पोट धरून उठली. गोळीची वेळ झाली होती.

६ जानेवारी, सोमवार

समितीच्या अध्यक्ष डॉ. हिमानी, पुण्याच्या, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांची प्रश्नावली आधीच आली. नववा प्रश्न: 'नमुना देणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, हे नमुन्यातील मानवी डीएनएवरून पडताळले आहे काय?'

शीमध्ये जंतूंबरोबर माणसाच्या स्वतःच्या डीएनएचेही थोडे तुकडे असतात. आम्हाला त्यांचं काम नसतं, पहिल्याच पायरीला गाळून बाजूला टाकतो. अश्विनला म्हटलं, एक औपचारिकता आहे, करून टाक.

चार वाजता तो आला. "मॅडम, पहले बैठ जाओ."

सतराच्या सतरा बायकांच्या नमुन्यांत वाय गुणसूत्र. जे फक्त पुरुषांत असतं ते.

मी आधी यंत्राला नावं ठेवली, मग वाचून देणाऱ्यांना, मग अश्विनला. मी चित्र परत उघडलं. त्या घोळक्याच्या बरोबर मधोमध ईश्वरदासजी. सतरा डब्या आणि एक पोट. आणि मी त्याला सिद्धान्त म्हणत होते.

८ जानेवारी, बुधवार

गेले वस्तीत. भांडायचं ठरवूनच गेले होते.

ईश्वरदासजींनी खुर्ची पुसून दिली. मी विचारलं, बायकांच्या डब्या कोणी भरल्या? ते जराही गडबडले नाहीत.

"म्या."

"सगळ्या?"

"हो. सहा, सहा आन पाच. तुमीच सांगतलं होतं ना, चमचाभर पुरते म्हणून. माहं पोट मॅडम, घड्याळावानी आहे. सकाळी साडेपाच म्हणजे साडेपाच. बायका तयार होऊन नव्हत्या राहिल्या. तुमाले त टाइमावर पायजे होतं. मंग काय, वस्तीचं काम अडवाचं?"

"पण नावं त्यांची होती, काका."

"नाव त घराचंच राहते."

आता मला ते लुगडं आठवलं, आणि त्यावरची चिठ्ठी. त्यांच्या बाजूनं सगळं सरळ होतं. माल वेळेवर पुरा करून दिला होता, तोही चांगल्या प्रतीचा. भांडण राहूनच गेलं. "काही चुकलं काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा तर मीच म्हणाले, नाही, चहा चांगला झाला.

निघताना मागच्या नळापाशी पुष्पलतानं गाठलं. पदर सारखा करत, खाली बघत बोलली. "मॅडम, राग नका मानू. डबीवर माहं नाव. ओट्यावर सासरे, चुलत सासरे, बँकेतले देवर, सगळे बसून. त्याइच्या समोरून ते हातात घेऊन कशी येऊ? आमी पोट दुखते हे बी कोणाले सांगत नाई, आन तुमी त ओट्यावर मांगून राहिल्या."

ओट्यावर टेबल मांडण्याची व्यवस्था चोख होती असं मी मागं लिहिलं आहे. तो शब्द खोडत नाही, राहू दे.

९ जानेवारी, गुरुवार

आज दिवसभर मी अप्रामाणिक होते. कुठं तरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

नवव्या प्रश्नापुढं मी टाइप केलं: 'तांत्रिक कारणांमुळे पडताळणी शक्य झाली नाही.' एवढ्या एका वाक्यात दोन वर्षं सुटत होती. समितीला वस्तीत कोण जातंय विचारायला? वाक्य छान दिसत होतं. संध्याकाळी घरी लॅपटॉप उघडून त्याच्याकडंच बघत बसले होते.

"काहून अशी बसून राहिली?" आई.

सांगितलं सगळं. ती आधी गंभीर होती. 'सहा, सहा आन पाच'ला आली आणि सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, पोट धरून, 'आई गं' म्हणत. मला राग आला आणि मग मीही हसले. महिनाभरात आम्ही अशा हसलो नव्हतो.

मग म्हणाली, "बरं केलं बिचाऱ्यानं. सुनाइची अब्रू राखली." थोड्या वेळानं, "म्या डबीत जिरं ठिवलं, तवाच तुले समजाले पायजे होतं."

"तुझी गोष्ट वेगळी. तुला काही त्रासच नाही."

आई उठली. कुकर लावायला गेली.

मी ते वाक्य खोडलं आणि नवव्या प्रश्नापुढं घडलं तसं लिहिलं. बरोबर एक पान झालं. मग फार घाबरले.

२२ जानेवारी, बुधवार

झालं एकदाचं.

समितीत पाच जण. मी पहिल्याच चित्राला सांगून टाकलं: हे ठिपके सतरा बायकांचे नाहीत, एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या विणकराचे आहेत, आणि ही चूक माझी, त्यांची नाही. मग ओटा, डब्या, सहा-सहा-पाच. एक सदस्य रुमालात खोकत होते. तो खोकला नव्हता.

डॉ. हिमानींनी चष्मा काढला. "म्हणजे तीन सकाळी, सतरा डब्या, एकच माणूस, तुम्हाला कल्पना नाही, अश्विनना कल्पना नाही, आणि तुमच्या पद्धतीनं सतराही नमुने एकाच ठिकाणी आणून ठेवले?"

"हो. आणि त्यांचा स्वतःचाही."

"पद्धत विश्वासार्ह आहे हे दाखवायला आम्ही लोकांना असं मुद्दाम करायला सांगतो. कुणी तयार होत नाही. त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा." मग चष्मा घालून, "पण नोकरीवाल्या पाच सोडल्या तर तुमच्या अभ्यासात बाईच नाही, डॉ. भोयर. फेब्रुवारीअखेर बायकांचे खरे नमुने दाखवा. मग दोन वर्षांचं बघू. नाही तर मार्चमध्ये बंद."

म्हणजे फाशी नाही, पण दोर काढूनही ठेवलेला नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

महिनाभरात सतरा बायका कुठून आणू? अश्विन म्हणतो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा. त्या ग्रुपमध्ये सासरे असतील, मी म्हटलं.

आई तीळ भाजत होती. पाठमोरीच म्हणाली, "वाण दे."

"काय?"

"संक्रांतीचं वाण रथसप्तमीवरी चालते. पुष्पलतेच्या घरी हळदीकुंकू ठिव. बायका बायका. डबी पिशवीत घाल आन वाण म्हणून दे. वाण कोणी नाई म्हणत नाई, आन घेतलेलं वाण कोणी वापस करत नाई." जरा थांबून, "आन नाव नको घालू त्याच्यावर. नंबर घाल. कोणाचा कोणता हे तुले बी नाई समजाले पायजे."

बारा वर्षांच्या संशोधनात मला असा एकही मार्गदर्शक मिळाला नव्हता.

३१ जानेवारी, शुक्रवार

पुष्पलताकडं हळदीकुंकू. दुपारी तीनला, पुरुष कामावर. ईश्वरदासजींना तिनं सकाळीच त्यांच्या मुलीकडं उमरेडला पाठवलं. मागाच्या उरलेल्या तुकड्यांच्या छोट्या पिशव्या तिनंच शिवल्या होत्या, जांभळ्या-पिवळ्या, दोरीच्या. आत डबी, पत्रक, पेन्सिल. डबीवर नुसता आकडा. पिशव्या टोपलीत मिसळून टाकल्या आणि जिच्या हाती जी येईल ती तिची.

भाषण मी करणार होते, आईनं करू दिलं नाही. तिळगूळ वाटता वाटता तीच बोलली. "हे पाहा बायांनो, हे वाण हाये. आतमधी काय हाये ते घरी जाऊन पाहा. माही पोरगी तुमचं नाव नाई विचारत, तोंड नाई पाहात. कागदावर पोटाचं जे खरं हाये ते लिहा. आपण कोणाले सांगत नाई, त्या कागदाले त सांगा. लिहून झालं का पुष्पलतेच्या मागच्या दारी बर्फाचा डबा हाये, त्याच्यात गुपचूप टाका."

एक म्हातारी, जयवंताबाई, म्हणाली, "आन नाई टाकली त?"

"त त्याच्यात जिरं ठिवा," आई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

पुष्पलतानं आईलाही कुंकू लावून पिशवी दिली. आईनं ती मुकाट पर्समध्ये टाकली. आमच्या घरी आता मोहरीची सोय झाली.

५ फेब्रुवारी

पाच दिवसांत फक्त तीन पिशव्या. पुष्पलता म्हणते थांबा. मला थांबता येत नाही. नखं खाल्ली.

८ फेब्रुवारी, शनिवार

अकरा.

आई आताशा सकाळी नऊला गुडघ्याच्या मालिशला जाते म्हणून ऑटोनं जाते. मी सोडते म्हटलं तर नको म्हणाली. ह्या वयात स्वातंत्र्य चांगलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्या आल्या. नोकरीवाल्या पाच जणींना पुन्हा त्रास द्यायचा नव्हता, म्हणून पिशव्या सतराच वाटल्या होत्या, आणि एक आईची. मी लॅबमध्ये पत्रकं वाचायला बसले.

नोव्हेंबरच्या गठ्ठ्यात सतरा वेळा 'काही नाही' होतं. ह्या गठ्ठ्यात तक्रारीचा रकाना कुणालाच पुरला नाही. कडेनं लिहिलं, मागं लिहिलं, एकीनं पोरीच्या वहीचं पान फाडून जोडलं. जेवायला तीन वाजतात तेव्हा जळजळ होते. सकाळी घर जागं व्हायच्या आत उरकावं लागतं, नाही तर दिवसभर तसंच राहते. सावजी सोसत नाही, लग्नापासून सोसत नाही, सांगितलं नाही. 'लिहून बरं वाटलं' असंही एकीनं लिहिलं आहे. मी तिखट पचवणाऱ्या पोटांचं रहस्य शोधायला निघाले होते. ह्या पोटांना पचत नव्हतंच, बायका फक्त बोलत नव्हत्या. अभ्यासाचा प्रश्नच बदलावा लागेल, आणि हा आधीपेक्षा चांगला आहे.

वाचून झालेली पत्रकं मोजली. अठरा.

अठरावं परत काढलं. वाचताना लक्ष गेलं नव्हतं. क्रमांक चौदा. माथ्यावर 'श्री'.

'गुडघ्याची गोळी सुरू केली तेव्हापासून पोटात आग होते. त्याच्या आधीही दसऱ्यापासून साफ होत नाही. जेवण जात नाही. मुलगी ह्याच विषयाची डॉक्टर आहे. तिला जगाच्या पोटाचं माहीत आहे. म्हणून सांगायची जास्तच लाज वाटते.'

अश्विन काही तरी विचारत होता. मी ऐकलं नाही. अर्धी भाकर, गीझर, पोट धरून उठणं, पोट धरून हसणं, नऊची ऑटो, हे सगळं मी ह्याच डायरीत माझ्या हातानं लिहून ठेवलं आहे. शेजारच्या खोलीत ती होती आणि मी शहरभर डब्या वाटत होते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं.

क्रमांक कुणाचा हे शोधायचं नाही हा नियम तिचाच. तो मोडणार नाही. संध्याकाळी घरी गेले, चहा केला, तिच्याजवळ बसले आणि इकडचं तिकडचं बोलून म्हटलं, "आई, ती गुडघ्याची गोळी तू जेवण करून घेतेस ना?"

"उपाशीपोटी. लवकर लागू होते."

"एका बाईनं लिहिलं आहे, तिला अशाच गोळीनं पोटात आग होते. उद्या तिला डॉक्टरांकडं नेणार आहे. मला एकटीला जायचा कंटाळा येतो. येतेस?"

आईनं बराच वेळ बशीतला चहा फुंकला.

"येतो वं," म्हणाली. "त्या बाईले बी सोबत होईन."

१४ फेब्रुवारी

काळजीचं काही नाही. गोळी बदलली, पोटाला औषध दिलं, पाणी वाढवायला सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास किती दिवसांपासून? आईनं माझ्याकडं न बघता सगळं सांगितलं, दसऱ्यापासूनचं. दहा मिनिटं बोलत होती.

११ मार्च, मंगळवार

समितीचं पत्र आलं. दोन वर्षं मंजूर. डॉ. हिमानींनी खाली हातानं लिहिलं आहे, 'नवा प्रश्न जास्त चांगला आहे. विणकर गृहस्थ कसे आहेत?'

वस्तीत पेढे घेऊन गेले. ईश्वरदासजींना पुण्याच्या बाईंचा नमस्कार सांगितला आणि त्यांच्यामुळं आमची पद्धत खरी ठरली तेही सांगितलं. ते म्हणाले, "म्या त पहिलेच म्हटलं होतं, माल चांगला आहे." पुष्पलता आत तोंडाला पदर लावून हसत होती. हल्ली त्या घरात सावजी एक दिवसाआड होतं, आणि एक वाटी बिनतिखटाचा रस्सा आधी बाजूला निघतो. कुणी सांगितलं ते म्हाताऱ्यांना माहीत नाही, पण ते म्हणतात त्यांनाही तो रस्सा बरा लागतो.

घरी आले तर आई जेवत होती. दुसरी भाकर. मी पत्र दाखवलं. तिनं हात धुऊन ते देवापुढं ठेवलं, परत येऊन बसली आणि भाकरीवर ठेचा घेत अगदी सहज विचारलं, "काहून वं, त्या चौदा नंबरचा रिझल्ट कधी येते? माह्या ओळखीची एक बाई विचारून राहिली होती."

पुढच्या आठवड्यात, मी म्हटलं, आणि तिच्या ताटात ठेचा जरा कमी केला.